बोअरचा रकाना

निवडणूक लागली की लष्करातली सगळी हत्यारं
जनकगंज ठाण्यात जमा होतात.
मीही रांगेत उभी, दादांची रायफल
जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून.
पुढेमागे मिशाळ ठाकूर, त्यांच्या दुनाळ्या, त्यांचे मोबाइल,
आणि मी, गणिताची रिटायर्ड मास्तरीण.

"बोर?" राजावत हवालदाराने मान वर न करता विचारलं.
म्हटलं, आहे,
पण कुठल्याही कंपनीच्या यादीत सापडायचा नाही.
आता त्याने मान वर केली.

छत्री बाजारातला बोळ, पायाने चालणारा लेथ,
भिंतीवर अळशीच्या तेलाचे डाग.
सरदार आंबेगावकरांना सातपुड्यातला गवा हवा होता.
"केरोबा, विलायती गोळी त्याला नुसती खाजवते रे."
दादा हसले नाहीत.
हत्तीच्या रायफलीच्या पुंगळ्या मागवल्या,
एकीचं पोट ठेवलं, मान दुसऱ्याच मापाची केली;
आई परकराला नवी कंबर लावते तसं, म्हणायचे.
काडतुसाला नाव नव्हतं.
सरदार म्हणत, "तुझं ते."

पितळ तापवायचं रात्री, दिवा मालवून.
उजेडात रंग खोटं बोलतो.
मी आठ वर्षांची. माझं काम ऐकायचं.
पुंगळी दोन बोटांत धरून नखाने टिचकी:
निरोगी असली तर लांबवर वाजते,
केसाएवढी चीर असली तर खोकते.
"यमे, सांग."
मी सांगायची, आणि माझ्या शब्दावर
एक डावीकडे जायची, एक उजवीकडे.
एकशे बारातून चाळीस उरल्या.
तेवढा अधिकार मला पुढे शाळेतही मिळाला नाही.

चाचणी चंबळच्या बेहडात.
पहिला बार दादांनी स्वतः घेतला,
दुसऱ्याच्या खांद्याला कसं सांगायचं?
मला वाटलं समोरचा मातीचा कडा आधी बसला,
आवाज मागून आला.
दादांचं हासळीचं हाड मोडलं.
चेहरा मात्र नवरदेवाचा.
सरदारांनी शाबासकीची थाप मारली,
नेमकी त्याच बाजूला.

गवा मेला नाही.
सरदारच गेले त्या हिवाळ्यात, जेवता जेवता.
मजुरीच्या बाकीत रायफल आमच्याकडे राहिली.
मग बहात्तरचा कायदा आला.
एकुणचाळीस काडतुसं दादांनी एकेक करून उघडली,
दारू गुलाबाच्या मुळाशी घातली,
पितळ भंगारवाल्याला, किलोच्या भावाने.
त्या वर्षी गुलाब आले नाहीत.

नंतर एकदा शाळेच्या सहलीत पचमढीच्या वाटेवर
मी गवा पाहिला. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे,
कातळाला श्वास फुटावा तसा उभा.
पोरी ओरडत होत्या, किती छान, किती छान.
मला मात्र आधी दिसली त्याच्या खांद्यामागची ती जागा.
न शिकवता, न विचारता दिसली.
मी मान फिरवून पोरी मोजायला लागले,
दोनदा चुकले.

"मॅडम, कम्प्यूटर में कुछ तो डालना पड़ेगा."
त्याच्या यादीत बारा होतं, तीनशे पंधरा होतं.
मी म्हटलं, नवघरे लिहा.
त्याने लिहिलंही, बिचाऱ्याने,
पडदा लाल झाला.
मग मला न विचारता त्याने बारा बोअर टाकलं
आणि पावती फाडून दिली.

पर्समध्ये चाळिसावी पुंगळी होती,
बेहडात उडालेली. ती मी दाखवली नाही.
दादा गेल्यावर दाढीच्या डब्यात सापडली,
फडक्यात, वर सुतळीची गाठ.
मानेपासून खाली सरळ चीर आहे तिला.
मी हिला उजवीकडे ठेवलं होतं.
चीर आधीची की बाराने पडलेली, पितळ सांगत नाही,
दादांनीही पस्तीस वर्षं सांगितलं नाही.

ठाण्याबाहेर टेम्पोची वाट पाहत
मी टिचकी मारली.
रस्त्यावर प्रचाराचा भोंगा चालू होता,
काही ऐकू आलं नाही.